निवासी डॉक्टर राहतात कुठे?

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा संपाच्या बातमीत. निवासी डॉक्टर संपावर, रुग्णांचे हाल. दोनतीन दिवसांनी आश्वासनानंतर संप मागे. मधल्या काळात आपण चहा पिता पिता दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलून घेतो आणि विसरून जातो. या शब्दातल्या ‘निवासी’चा अर्थ काय, हे डॉक्टर कुठले निवासी, असा प्रश्न मला तरी इतकी वर्षं कधी पडला नव्हता.

पडला तो भाचीमुळे. तिनं एमडीला प्रवेश घेतला तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत तिच्याविषयी एकच तक्रार आहे. ती फोन उचलत नाही. उचललाच तर “मावशी, वॉर्डात आहे, नंतर करते,” आणि तो ‘नंतर’ काही येत नाही. गणपतीला नाही, दिवाळीला नाही, सख्ख्या चुलतभावाच्या लग्नाला नाही. “एवढं काय ते काम? आमच्या वेळी नव्हते का डॉक्टर?” असं एक ज्येष्ठ नातेवाईक म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून वाचायला बसले. आमच्या वेळी होते का, आणि कसे होते? वाचता वाचता गोष्ट बरीच मागे, थेट १८८९ सालापर्यंत गेली. म्हटलं, इथे मांडून ठेवावी. नातेवाईकही वाचतील :)

तर १८८९ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथे औषधशास्त्राचे प्रमुख होते विल्यम ऑस्लर आणि शस्त्रक्रियेचे विल्यम हॉलस्टेड. नव्या डॉक्टरानं पदवीनंतर काही वर्षं हॉस्पिटलातच राहून, एकेक पायरी चढत शिकायचं ही आजची पद्धत या दोघांनी तिथे बसवली. ‘राहून’ हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. घुमट असलेल्या मुख्य इमारतीत या तरुणांच्या खोल्या होत्या. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, कपडे धुऊन मिळायचे. पगार जवळजवळ नाहीच. लग्न झालेलं नसावं अशी अपेक्षा. जो हॉस्पिटलात राहतो तो रेसिडेंट. आपण त्याचं भाषांतर केलं ‘निवासी’.

म्हणजे ही व्यवस्था ज्या कल्पनेवर उभी राहिली ती गुरुकुलाची होती, हे आपल्याला चटकन कळतं. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि विद्या मिळवायची. गुरुकुलात असतात तसे दोन प्रकारचे गुरूही होते.

हॉलस्टेड मोठा माणूस. हळुवार, सावकाश, रक्तस्राव कमीत कमी होईल अशी शस्त्रक्रिया त्यानं शिकवली. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे वापरायची सुरुवातही त्याच्याकडची. गंमत म्हणजे ते मोजे रुग्णासाठी नव्हते. जंतुनाशकानं कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी जायला लागली, म्हणून त्यानं गुडइयर कंपनीकडून ते करवून घेतले. पुढे १८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. पण शिकवण्याची त्याची पद्धत निष्ठुर होती. तिला पिरॅमिड म्हणत. खाली बरेच जण घ्यायचे, दर वर्षी काहींना वगळायचं, आणि टोकावर एकच उरायचा. साधारण सहा वर्षं सहायक, मग दोन वर्षं मुख्य निवासी सर्जन. ३३ वर्षांत त्यानं मुख्य निवासी सर्जन केले फक्त १७. शेजारच्या खोलीत राहणारा मित्र हाच आपला प्रतिस्पर्धी, अशी ही रचना. ती मोडण्याचा प्रस्ताव बॉस्टनमध्ये एडवर्ड चर्चिल या सर्जननं मांडला तेव्हा १९३९-४० उजाडलं होतं. पिरॅमिडऐवजी आयत करू या, म्हणजे जितके आत घेऊ तितके शिकवून बाहेर काढू, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

हॉलस्टेडविषयी आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८८४-८५ मध्ये न्यूयॉर्कला असताना कोकेननं अंग बधिर करण्याचे प्रयोग त्यानं स्वतःवर केले आणि त्याला त्याचं व्यसन लागलं. उपचारात मॉर्फिन दिलं गेलं, तर ते चिकटलं. बाल्टिमोरच्या काळातही तो मॉर्फिन घेत होता, हे ऑस्लरच्या खासगी टिपणातून १९६९ साली जाहीर झालं. यावरून, ‘कोकेन घेणाऱ्या माणसानं न झोपणाऱ्या डॉक्टरांची पद्धत सुरू केली’ असं वाक्य तयार होतं आणि ते टाळ्या घेतं. मला मात्र ते फार सोपं वाटतं. कारण हा मनुष्य दर वर्षी काही महिने नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या डोंगरातल्या घरी जाऊन राहत असे. डेलियाची फुलं आणि कुत्री हे त्याचे नाद. मागे हॉस्पिटल चालवायचे ते रेसिडेंट. रजा घेणारा साहेब आणि रजा नसलेले शिष्य! व्यसनाची गोष्ट चटकदार असेल, पण मला खरी गोम इथे दिसते. त्यातून आणखी एक बोचतं. इतक्या मोठ्या डॉक्टरचं दुखणं सगळ्यांनी मिळून झाकून ठेवलं. डॉक्टरनं आजारी पडायचं नाही आणि पडलाच तर कुणाला कळू द्यायचं नाही, हा अलिखित नियमही त्याच इमारतीत जन्मला म्हणायचा.

दुसरा गुरू ऑस्लर. त्याच्या शेजारच्या घरात हार्वे कुशिंग आणि आणखी काही तरुण डॉक्टर राहायचे. (हाच कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झाला, आणि तो निवासी होता हॉलस्टेडचा!) ऑस्लरनं या पोरांना आपल्या घराच्या किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या. केव्हाही या, ग्रंथसंग्रहात बसा, वाचा. त्यांना नावच पडलं, लॅच-की वाले. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांना घरी बोलवायचं, खायला घालायचं, गप्पा मारायच्या हाही त्याचा परिपाठ. आज ज्याला डॉक्टरांचं ‘वेलनेस’ म्हणतात आणि ज्यावर परिषदा भरतात, त्यातलं निम्मं तरी त्या किल्लीत होतं असं मला वाटतं.

पुढच्या शंभर वर्षांत रेसिडेन्सी जगभर पसरली. पसरताना ऑस्लरची किल्ली मागे पडली आणि हॉलस्टेडचे तास तेवढे पुढे गेले. दरम्यान काम पार बदललं. १८८९ मध्ये रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेवर असे, आणि त्याच्यासाठी करण्यासारखं फार थोडं असे. रेसिडेंट रात्रभर हॉस्पिटलात असे म्हणजे रात्रभर जागा असे, असं नव्हे. १९६०-७० नंतर अतिदक्षता विभाग आले, व्हेंटिलेटर आले, दर तासाला बघायचे रिपोर्ट आले. रुग्ण चार दिवसांत घरी आणि त्याच्या जागी नवा, अधिक आजारी रुग्ण. तास तेच राहिले, पण एका तासातलं काम अनेक पटींनी वाढलं. “आमच्या वेळी नव्हते का?” याचं उत्तर मला इथे मिळालं. होते, पण ती रात्र वेगळी होती.

१९७१ मध्ये अमेरिकेत एक छोटासा अभ्यास छापून आला. १४ इंटर्नना हृदयाचे आलेख वाचायला दिले, एकदा झोप झालेली असताना आणि एकदा रात्रपाळीनंतर. जागरणानंतर चुका जवळजवळ दुप्पट झाल्या. १९७५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या निवासी डॉक्टरांनी कामाच्या तासांसाठी संप केला. पण पुढच्याच वर्षी तिथल्या कामगार मंडळानं ठरवलं की हे नोकर नाहीतच, हे विद्यार्थी आहेत. हा निर्णय उलटायला १९९९ साल उजाडलं. काम करताना नोकर आणि मागताना विद्यार्थी, हे आपल्याकडेही किती ओळखीचं वाटतं, नाही?

मग आली ५ मार्च १९८४ ची पहाट. लिबी झायन, वय वर्षं १८, कॉलेजच्या पहिल्या वर्षात. ताप आणि विचित्र झटके येतात म्हणून आईवडिलांनी तिला रात्री न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलात आणलं. ती नैराश्यावर फेनेल्झिन नावाचं औषध घेत होती. तिला पेथिडीनचं इंजेक्शन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र येणं घातक. तिला बघणाऱ्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे त्या रात्री आणखी सुमारे ४० रुग्ण होते. लिबी हातपाय झाडते म्हणून तिला बांधून ठेवायला सांगून ती दुसऱ्या रुग्णांकडे गेली. जबाबदार ज्येष्ठ डॉक्टर फोनवर होते, प्रत्यक्ष आले नाहीत. सकाळी ताप १०७ फॅरनहाइट. लिबी गेली.

तिचे वडील सिडनी झायन वकील आणि पत्रकार. त्यांनी प्रकरण सोडलं नाही. १९८६ मध्ये ग्रँड ज्युरीनं डॉक्टरांवर गुन्हा ठेवला नाही, पण या शिक्षणपद्धतीवर कडक ताशेरे ओढले. मग बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं नियम केला. आठवड्याला सरासरी ८० तास आणि सलग २४ तास, त्यापेक्षा जास्त काम नाही. ८० तास! आपल्या बँकेतल्या माणसाला हे दोन आठवड्यांचं काम वाटेल, पण तिथे ती सुधारणा होती. संपूर्ण अमेरिकेत हा नियम लागू व्हायला २००३ चा जुलै उजाडला. म्हणजे लिबीनंतर १९ वर्षं. स्वतः बेल मात्र सांगत राहिले की तासांपेक्षाही महत्त्वाचं आहे ते नवशिक्याच्या पाठीशी जाणता माणूस प्रत्यक्ष उभा असणं. हे वाक्य फारसं कुणी ऐकलं नाही, कारण तास मोजता येतात आणि पाठीशी असणं मोजता येत नाही.

तास कमी केल्यानं सगळं सुटलं का? नाही. २००४ चा हार्वर्डचा अभ्यास म्हणतो की जुन्या, लांबलचक पाळ्यांत इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत. म्हणून २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सलग १६ तासांची मर्यादा आली. पण पाळ्या लहान झाल्या की एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे रुग्ण सोपवण्याचे प्रसंग वाढतात, आणि निरोपात काहीतरी गळतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत रुग्णांच्या मृत्यूंत फरक दिसेना. २०१७ मध्ये ती १६ तासांची मर्यादा काढून पुन्हा २४ केली. त्याच वेळी नियमांत नवं कलम आलं. निवासी डॉक्टरला चोवीस तास गोपनीय समुपदेशन मिळालं पाहिजे, आणि स्वतःच्या तपासणीसाठी, दातांसाठीसुद्धा, कामाच्या वेळात जाता आलं पाहिजे. डॉक्टरलाही डॉक्टरकडे जायचं असतं, हे लिहून ठेवावं लागलं.

“आजकालची मुलंच नाजूक,” असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा देते. मिशिगनचे मनोविकारतज्ज्ञ श्रीजन सेन आणि त्यांचे सहकारी इंटर्नशिप सुरू होण्याआधी आणि चालू असताना त्याच त्याच डॉक्टरांची पाहणी करतात. त्यांच्या २०१० च्या लेखात नैराश्याची लक्षणं असणारे आधी ४ टक्क्यांच्या आत होते, आणि वर्षभरात ते प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या वर गेलं. माणसं तीच होती, बदललं ते फक्त वर्ष.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागात २०१० मध्ये, नुकतंच तिथून शिकून बाहेर पडलेल्या एका तरुण डॉक्टरनं आत्महत्या केली. विभाग हादरला. त्यांनी २०११ मध्ये जो उपक्रम सुरू केला त्यातल्या गोष्टी ऐकून हसू येईल इतक्या साध्या आहेत. निवासी डॉक्टरांसाठी खाण्यानं भरलेला एक फ्रिज, कारण रात्री दोनला कॅन्टीन बंद असतं. कामाच्या वेळातच ठरलेली, मानसतज्ज्ञाबरोबरची गटातली बैठक. नव्या मुलाला एक वरच्या वर्षाचा सोबती. अधूनमधून सगळ्यांनी मिळून बाहेर जाणं. म्हणजे शंभर वर्षांनी फिरून ऑस्लरच्या घरी! इंग्लंडमध्ये मात्र गाडी उलटी गेली. तिथल्या हॉस्पिटलांत डॉक्टरांची मेस असायची, आपल्याकडून १९६०-७० च्या दशकात गेलेल्या कित्येक डॉक्टरांनी तिथे पहिला ख्रिसमस काढला असेल. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना राहायला मोफत खोली असायची, ती २००८ मध्ये बंद झाली. तास कमी झाले आणि घरही गेलं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या जुन्या डॉक्टरांशी बोललात तर ‘हाऊसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ हे शब्द ऐकू येतील. पहिल्या वर्षाचा हाऊसमन, त्याच्या वर रजिस्ट्रार, त्याच्या वर लेक्चरर. इमर्जन्सीचा दिवस, मग पोस्ट-इमर्जन्सीचा. वॉर्डातले मामा, मावशी आणि सिस्टर यांच्याकडून नवा डॉक्टर निम्मं काम शिकतो. खाटा भरल्या की रुग्ण जमिनीवर गादी टाकून. नाही म्हणायचं नाही, कारण आलेला माणूस यवतमाळहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो आणि त्याला दुसरं दार नसतं. हॉलस्टेडच्या पिरॅमिडवर आपण या देशाची गर्दी आणून ठेवली.

नियम आपल्याकडेही आहे बरं का. ५ जून १९९२ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं पत्र काढलं. निवासी डॉक्टरचं काम सलग बारा तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याला ४८ तास, एक साप्ताहिक सुट्टी. अमेरिकेच्या ८० तासांपेक्षा कितीतरी चांगला नियम! फक्त त्यात ‘सर्वसाधारणपणे’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि त्या शब्दांनी सगळा नियम गिळून टाकला. पुढे २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीत आकडाच नाही, ‘वाजवी तास’ आणि विश्रांतीला ‘वाजवी वेळ’ असं लिहिलं आहे. वाजवी किती, ते कोण ठरवणार? मात्र त्याच नियमावलीत एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं. पदव्युत्तर विद्यार्थ्याची राहण्याची सोय करणं कॉलेजला बंधनकारक, पण तिथे राहणं विद्यार्थ्याला बंधनकारक नाही. ‘निवासी’ या शब्दातली सक्ती काढली आणि हक्क ठेवला. १८८९ पासून पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द नीट वाचला!

कागदावर. कारण जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ संपावर गेली तेव्हाच्या मागण्यांत वसतिगृहं होतीच, आणि २०२४ च्या फेब्रुवारीतही होती. आपण संपाची बातमी वाचून “यांना पैसे हवेत” म्हणतो. त्या मागण्यांच्या यादीत खोली, पाणी आणि संडास असतात, हे मी पहिल्यांदाच नीट वाचलं.

आणि ९ ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या सरकारी हॉस्पिटलातली ती निवासी डॉक्टर. छत्तीस तासांच्या ड्यूटीत जरा पाठ टेकायला ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती, कारण तिथे दुसरी जागा नव्हती. पुढचं आपल्याला ठाऊक आहे, मी लिहीत नाही. त्या गुन्ह्याचं कारण गुन्हेगार, हे खरंच. पण निवासी म्हणवणाऱ्या डॉक्टरला त्या हॉस्पिटलात कडी लावून झोपता येईल अशी एक खोली नव्हती, हेही तितकंच खरं. त्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल आला. आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक दिवस सुट्टी, सात-आठ तास झोप अशी शिफारस. पाहणीत भाग घेतलेल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं होतं.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. ‘एकत्र राहणं’ नेहमी आधारच देतं असं नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका महापालिका हॉस्पिटलात शिकणाऱ्या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टरनं जीव दिला. वरच्या वर्षाच्या डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. पिरॅमिडमध्ये वरच्याचा राग खालच्यावर काढायची सोय असते, आणि त्यात जात मिसळली की खालच्याला जागाच उरत नाही. त्यामुळे नुसता फ्रिज आणि सहल पुरे नाही. ज्याच्या हातात तुमची सही, तुमचं ऑपरेशन आणि तुमची रजा आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची, आणि केल्यावर पुढची दोन वर्षं सुखानं जातील का, याचं उत्तर हवं.

असो. फार लांबलं. पण एवढं वाचून माझ्यापुरतं काही ठरवलं आहे ते सांगते. तास सरकारनं कमी करायचे, खोल्या कॉलेजनं बांधायच्या, पाठीशी उभं राहायचं ज्येष्ठांनी. ऑस्लरची किल्ली मात्र कुणालाही देता येते. आमच्या ओळखीचं एक कुटुंब मोठ्या हॉस्पिटलाच्या जवळ राहतं. तिथे भाचीच्या युनिटमधल्या दोघीतिघी पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी येतात, वरणभात खातात आणि दुपारभर झोपतात. कुणी त्यांना “कशी चाललीय प्रॅक्टिस?” विचारत नाही, कुणी आपले रिपोर्ट दाखवत नाही. एवढंच करायचं. नातेवाईक मंडळींना विनंती, की फोन उचलला नाही म्हणून रुसू नका. मेसेज टाका, उत्तराची वाट बघू नका. आणि कधी रात्री तिचाच फोन आला आणि आवाज वेगळा वाटला, तर “होईल सगळं ठीक, अभ्यास कर” म्हणून ठेवून देऊ नका. सकाळची पहिली गाडी पकडा.

तुमच्या घरात कुणी निवासी डॉक्टर असेल, किंवा तुम्ही स्वतः कधीकाळी हाऊसमन असाल, तर तुमच्या वेळी झोपायला जागा कुठे होती ते जरूर कळवा. हा इतिहास कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेला नाही.